उजव्या हाताला गजानन

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना खरं ते सांगितलं. वाशीम जिल्ह्यात माझा धंदा कुणाला कळत नाही, आणि ज्यांना कळतो ते वाशीम जिल्ह्यात राहत नाहीत. ते म्हणाले, "म्हणूनच लिहा." संपादक लोक चिवट असतात.

तर मी पगारी रग्बी खेळाडू होतो. नऊ वर्षं पुण्यात एका मोठ्या खात्याच्या संघातून खेळलो आणि त्यावर घर चाललं. आपल्याकडे डॉक्टर झाले, अडते झाले, पुढारी तर गल्लोगल्ली झाले, पण दोन्ही कान फुलकोबीसारखे सुजवून पोट भरणारा माझ्या माहितीत मी एकटाच. सामने किती जिंकलो ते विचारू नका, मला हरलेलेच जास्त आठवतात. मात्र एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या नऊपैकी आठ वर्षं मैदानाच्या कडेला बसलेला एकच माणूस मला पाहायचा होता, आणि तो एकदाही आला नाही. त्याचं नाव गजानन. गाव कामरगाव, म्हणजे माझंच.

आम्ही दोघं मूळचे कबड्डीचे. मी डावा कोपरा सांभाळायचो आणि तो माझ्या उजव्या हाताला. कबड्डीत बचाव करणारे हातात हात घालून साखळी धरतात आणि चढाईवाल्याची वाट पाहतात. आमची एक खूण होती. चढाईवाल्याचा घोटा माझ्या टप्प्यात आला, की मी गजाननचा पंजा एकदा घट्ट दाबायचो आणि सोडायचो. म्हणजे मी खाली पायावर झेप घेतोय, तू छाती पुढे काढून वरून वाट अडव. तोंडानं काही बोलायची गरज नव्हती. मी दाबलं की तो उठायचाच. शाळेपासून तालुक्याच्या सामन्यांपर्यंत आम्ही हेच करत आलो होतो, आणि झोपेतही हात चुकला नसता.

एकदा कळलं, की वाशीमला मैदानावर निवड चाचणी आहे, कबड्डी आणि कुस्तीचे धट्टेकट्टे गडी हवेत, निवड झाली तर पगार मिळेल. खेळ कोणता ते बातमी सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आम्ही जीपनं कारंजा, तिथून मंगरूळपीरमार्गे एसटीनं वाशीम गाठलं. मैदानावर थोरात सर नावाचे प्रशिक्षक उभे होते. मान आणि डोकं यांत फरक नसलेला माणूस. त्यांनी पिशवीतून लांबुडका चेंडू काढला. गजानननं तो हातात घेतला, दाबून पाहिला आणि काळजीनं म्हणाला, "सर, हा एका बाजूनं दबला वाट्टे." सरांनी हे बहुधा सहा जिल्ह्यांत ऐकलं असावं. ते हसले नाहीत.

गजाननला त्यांनी पाहताक्षणी पसंत केलं. तो होताच तसा, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढा. खातोस काय, विचारलं तर म्हणाला, "जे वाढलं थे." मला मात्र त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढच्याकडे वळले. तेव्हा गजानन म्हणाला, "सर, याले घ्या. मले एकट्याले नाई जमत."

"इथं जोडीनं लग्नं लावत नाही आम्ही," सर म्हणाले.

"मंग जातो आमी. पाचची गाडी हाये."

आणि तो खरंच बूट सोडू लागला. सरांनी मला घेतलं. माझी पुढची नऊ वर्षं त्या पाचच्या गाडीवर उभी आहेत.

आता खेळ समजावून सांगतो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा माणसं. चेंडू काखेत मारून समोरच्यांच्या रेषेपलीकडे न्यायचा आणि जमिनीला टेकवायचा. वाटेत ते तुम्हाला कमरेत धरून आपटतात, आणि त्याला परवानगी आहे. गंमत अशी, की पळायचं पुढे, पण हातानं चेंडू द्यायचा तो फक्त मागे. पहिल्या सुटीत गजाननच्या मायला हे सांगितलं तर ती भाकर थापता थापता म्हणाली, "मंग पोहोचता कवा रे तुमी?" नऊ वर्षांत इतका नेमका प्रश्न मला एकाही पत्रकारानं विचारला नाही.

कबड्डीवाल्याला या खेळात आपटायचं कसं ते शिकवावं लागत नाही. सोडायचं कसं ते शिकवावं लागतं. माझ्या पहिल्याच सामन्यात मी एका उंच गड्याचा घोटा असा धरला की तो तोंडावर पडला. मग मी घोटा धरून पडून राहिलो, पंच शिट्टी मारतील म्हणून. पंचांनी मारली, पण माझ्याच विरुद्ध. रग्बीत गडी पडला की त्याला ताबडतोब सोडून बाजूला व्हायचं असतं. मला वाटलं पंच समोरच्यांना सामील आहेत. त्या दुपारी माझ्यावर पाच वेळा शिट्टी वाजली, आणि पाचही वेळा मी कुणाचा तरी पाय छातीशी धरून समाधानानं पडलेलो होतो. थोरात सर कडेवरून ओरडत होते, "सोड रे, सोड, तो तुझा जावई आहे का?"

सराव कशावर करायचा हाही एक प्रश्न होता. माणसावर रोज आपटून चालत नाही, माणसं संपतात. परदेशात त्यासाठी माणसाएवढ्या भरीव पिशव्या मिळतात. आमच्याकडे त्या यायच्या होत्या, आणि वर्षभर यायच्याच होत्या. माझे अब्बा कामरगावात गाद्या भरतात, आमचं घरच पिंजाऱ्याचं. मी त्यांना म्हटलं, पुरुषभर उंचीचे सहा लोड भरून द्या, ठासून. घरात आम्ही आपली हिंदी बोलतो. अब्बांनी माप घेतलं आणि विचारलं, "इस पे बैठनेवाले कितने?" मी म्हटलं, बसणार कुणी नाही, धावत येऊन याला मिठी मारून खाली पाडायचंय. अब्बांनी टेप गुंडाळला. मग म्हणाले, "इसकी तनखा मिलती तेरे को?" पण लोड त्यांनी असे भरले, की पुढे कारखान्याच्या पिशव्या आल्यावरही सर पावसाळ्यापर्यंत तेच वापरत होते. शिवण एकाचीही उसवली नाही. अब्बांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कौतुक वगैरे काही केलं नाही, पण येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागले, की आपला माल पुण्यात पैलवानांना पुरून उरला.

आता स्क्रम. हे कळलं नाही तर माझं काहीच कळणार नाही. खेळ अडला की दोन्ही संघांचे आठ-आठ जण डोकी खाली घालून एकमेकांत खांदे अडकवतात आणि रेटतात. मधल्या फटीत चेंडू टाकतात. पहिल्या रांगेत तिघं असतात. मधला हुकर, त्यानं पायानं चेंडू आपल्याकडे मागे ओढायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन भक्कम गडी, त्यांना प्रॉप म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत टेकू. हुकरचे दोन्ही हात त्या दोघांच्या पाठीमागून बरगड्यांवर घट्ट आवळलेले असतात. तो हात सुटता कामा नये. सुटला, तर त्या बाजूच्या प्रॉपच्या अंगावर सगळा भार तिरका येतो, आणि मागून पाच जण रेटतच असतात.

सरांनी मला हुकर केलं आणि गजाननला माझ्या उजव्या हाताला प्रॉप. कबड्डीत उभा राहायचा तिथेच. आम्ही दोघंही खूश झालो, म्हटलं काहीच नवं शिकायला नको.

लोक विचारतात, स्क्रममध्ये काय वाटतं? बाहेरून ती म्हशींची टक्कर दिसते. आत, चेंडू पडायच्या आधी, एक क्षण सगळं थांबतं. डोकं खाली, नाकात गवताचा आणि मातीचा वास, सोळा माणसांचे श्वास, आणि माझ्या उजव्या तळव्याखाली गजाननची बरगडी वर-खाली होत असलेली. त्या क्षणी मला कधी भीती वाटली नाही. आज मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलाशी बसतो, पंखा डोक्यावर असतो, चहा जागेवर येतो. सगळं ठीक आहे. पण दुपारी कधी उजवा हात टेबलावर नुसताच पडलेला दिसला, की मला त्या बरगडीची आठवण येते. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला आता अंकातच वाचायला मिळेल.

पहिला हंगाम संपत आला होता. पुण्यातच उपांत्य सामना, आणि जिंकणारा संघ पुढे श्रीलंकेला खेळायला जाणार होता. गजानननं पारपत्रासाठी फोटो काढून घेतला होता आणि मायला दाखवायला एक जास्तीची प्रत खिशात ठेवली होती. सामना संपायला थोडा वेळ होता, आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. स्क्रम लागला. चेंडू त्यांचा होता. तो फटीत आला आणि समोरच्या हुकरचा पाय चेंडू ओढायला पुढे आला, माझ्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर. बूट, खाली घसरलेला मोजा आणि उघडा घोटा.

मी विचार केला नाही. शपथेवर सांगतो, विचार केला असता तर झालं नसतं. माझी बोटं गजाननच्या जर्सीवर एकदा घट्ट आवळली आणि सुटली, आणि हात त्या घोट्याकडे गेला.

मग उजवी बाजू खाली बसली. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला आणि शिट्टी वाजली. एकेक जण उठला, गजानन उठला नाही. त्याचा उजवा खांदा जिथे असायला हवा तिथे नव्हता. तो ओरडलाही नाही, फक्त तोंडात गेलेली माती थुंकत होता. सामना आम्ही हरलो, पण ते त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.

सरांनी मला विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "पाय सरकला सर. जमीन ओली होती."

जमीन ओली नव्हती. पण मैदानाच्या कडेला सकाळी पाणी मारलं होतं, आणि सर भला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या संघाच्या बुटांचे खिळे बदलून लांब घेतले. माझ्या एका खोट्यासाठी बावीस जणांचे बूट बदलले, आणि पुढचा महिनाभर बाकीचे मला धन्यवाद देत होते, की आता पाय फार छान रुततो.

गजाननला दवाखान्यात भेटायला गेलो. पट्ट्यांत बांधलेला, औषधांनी जड झालेला. मला पाहून त्यानं पहिलं विचारलं, "तुले नाई ना लागलं?" खरं सांगायची वेळ ती होती. मी त्याच्यासाठी संत्री सोलत बसलो.

खांदा जुळला, पण हात वर जाईना. खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. करार वर्षाचा होता, पुढचा झाला नाही. मी त्याला गाडीत बसवून द्यायला गेलो. पेटी वर ठेवून दिली. तो खिडकीतून म्हणाला, "खेळजो नीट." गाडी सुटली. मी फलाटावरच्या बाकावर बसून रडलो, आणि परत येऊन सरावाला गेलो, कारण गेलो नसतो तर सरांनी कारण विचारलं असतं.

उजव्या हाताला नवा गडी आला. हरियाणाचा, दिलदार, खांदा दगडाचा. त्याच्याबद्दल मी वाईट बोलू शकत नाही. पण त्याच्या बरगडीवर हात ठेवला की तळव्याला ते अंग परकं वाटायचं. मी एक सवय लावून घेतली. प्रॉपची जर्सी मुठीत धरण्याआधी बोटांभोवती दोनदा पिळून घ्यायची, म्हणजे मनात आणलं तरी हात सुटू नये. नवे गडी पाहायचे. त्यांना वाटलं हे काहीतरी तंत्र आहे. त्यांनी उचललं, आणि पुढे त्याला युनूसभाईची पकड म्हणू लागले. एकदा एका शिबिरात मला ती समजावून सांगायला बोलावलं होतं. मी गेलो आणि अर्धा तास समजावलं. मानधन म्हणून शाल मिळाली.

विनोदी गोष्टीही होत्या. रिसोडला मुलगी पाहायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांनी माझे कान पाहिले आणि अब्बांना बाजूला घेऊन विचारलं, मुलगा कुठे मार खातो का. अब्बा म्हणाले, "खाता, मगर सरकारी." लग्न ठरलं. एसटीत एका आजींनी माझ्या कानाला लावायला हळद आणि तिळाच्या तेलाचा लेप सांगितला. मी आठ दिवस लावला. कान तसेच राहिले, पण संघात मला कुणी जवळ बसू देईना.

गजाननशी संबंध तुटला असं कुणी समजू नये. ईदला तो आमच्याकडे शीरखुर्म्याला यायचा, दिवाळीला मी त्याच्याकडे. त्यानं कामरगावात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं आहे. दुकानात शिरलं की एक गोष्ट डोळ्यांत खुपते. भिंतीवरच्या फळ्या छताशी भिडलेल्या, पण माल फक्त खालच्या तीन फळ्यांवर. वरच्या सगळ्या रिकाम्या. तिथे त्याचा उजवा हात पोचत नाही, एका हातानं जड पंप उतरत नाहीत, आणि कुणाला काढून द्यायला सांगणं त्याला आवडत नाही. आम्ही बोलायचो ते सोयाबीनचं, तुरीचं, पोरांच्या शाळेचं. रग्बीचा शब्द नाही. त्यानं काढला नाही, मी काढला नाही.

प्रत्येक मोठ्या सामन्याला खेळाडूला दोन पास मिळतात. मी ते कुणाकुणाला दिले. शेजाऱ्यांना, खात्यातल्या साहेबांना, एकदा तर केस कापणाऱ्याला. गजाननला द्यावे असं दर वेळी मनात यायचं. मग वाटायचं, काय म्हणून बोलावू? त्याच्या जागेवर दुसरा उभा आहे आणि माझा हात त्याच्या बरगडीवर आहे, हे पाहायला? तरीही राष्ट्रगीत चालू असताना मी कडेच्या बाकांवरून नजर फिरवायचो. वाटायचं, येईल. आपणहून, न सांगता.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या मानेचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, आता स्क्रममध्ये गेलात तर बाहेर चालत येणार नाही. तिथे संपलं. निरोपाचा सामनासुद्धा झाला नाही.

हा लेख लिहायला बसलो आणि त्या स्क्रमपाशी येऊन अडलो. पाय सरकला असंच लिहावं, की खरं लिहावं? खरं लिहायचं तर ते गजानननं आधी अंकातच वाचावं हे काही बरं नव्हतं. म्हणून मागच्या महिन्यात कामरगावला गेलो. भर दुपारी तो दुकानात एकटाच होता, एका पंपाचं वायसर बसवत होता. मी स्टुलावर बसलो आणि बाकी काही न बोलता सांगून टाकलं.

"गजू, त्या दिवशी जमीन ओली नोयती."

"मालूम हाये," तो म्हणाला. मान वर केली नाही.

"माया हात सुटला होता."

"थेबी मालूम हाये. सुटायच्या आंधी दाबलं ना तू बरगडीवर." त्यानं वायसर नीट बसलं का ते अंगठ्यानं चाचपलं. "तू दाबलं अन् मी उठलो. छाती घेऊन वर. खाली राह्यलो असतो तं खांदा वाचलाबी असता. पन तू दाबलं अन् मी उठलो नाई, असं कवा झालं काय?"

म्हणजे आठ वर्षं, आणि वर ही दोन, त्याला ठाऊक होतं. दवाखान्यात संत्री सोलत होतो तेव्हाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "मंग बोलला काहून नाई?"

"थ्यात बोलाचं काय हाये? सवय होती दोघाइची. त्याचा राग नाई मले." त्यानं पंप बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "राग येगळाच हाये. लोकाइले पास वाटले तू. कटिंगवाल्याले देला, मले समजलं होतं. मायनं किती खेपा इचारलं, युनूसची म्याच पाह्यले जात नाई काय रे? मी म्हनलं, आवतन नाई. आपल्यात बिना आवतनाचं बारशालेबी जात नाई कोनी. म्याचले कसा येऊ?"

"मले वाटलं तुले तरास होईन. तुया जागेवर दुसरा पाहून."

"झाला असता. पन पाह्यलं तं असतं."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. मी म्हणालो, "आता बोलावलं तं येशीन काय?"

त्यानं हात पुसले. उजवा हात जेवढा वर येतो तेवढा आणून माझ्या खांद्यावर ठेवला.

"येईन ना," तो म्हणाला. "पन आता कोन खेळून राह्यलं, युनूस?"